मत्स्यपेटीतील जलरेषेवरील फट

मत्स्यपेटीतील जलरेषेवरील फट म्हणजे घरगुती काचेच्या मत्स्यपेटीत (बोलीत 'फिश टँक') पाण्याच्या नेहमीच्या पातळीच्या वर सांधा उघडल्याने पडलेली चीर अथवा मोकळी जागा. ही फट दोन काचांमधील उभ्या सांध्यात, काठावरील आडव्या पट्टीच्या जोडात किंवा झाकण आणि काठ यांच्यामध्ये आढळते. पाणी तिथपर्यंत पोचत नाही या समजुतीने तिच्याकडे सहसा दुर्लक्ष होते. प्रत्यक्षात अशी फट कधी केवळ दिसण्यातला दोष असते, तर कधी संपूर्ण पेटी उकलू लागल्याची पहिली खूण असते. या दोहोंतील फरक ओळखणे हा या विषयाचा गाभा होय. ६० सेंमी लांब व ३० सेंमी रुंद पेटीत ३५ सेंमी उंचीपर्यंत पाणी भरले, तर ते ६३ लिटर, म्हणजे वजनाने सुमारे ६३ किलो होते. सांधा रात्री सुटला, तर हे सारे पाणी माशांसह खोलीत आणि विजेच्या बटणांच्या आसपास येते.

सांध्याची रचना

आजच्या बिनचौकटीच्या पेटीत काचा एकमेकींना सिलिकॉनने जोडलेल्या असतात. या जोडात दोन वेगळे भाग असतात आणि दुरुस्तीचा निर्णय बराचसा त्यांच्यातील भेदावर अवलंबून असतो. पहिला भाग म्हणजे एका काचेची कड आणि दुसऱ्या काचेचा पृष्ठभाग यांच्यामध्ये दाबलेला सिलिकॉनचा पातळ थर. पेटी उभी राहते ती या थराच्या बळावर; त्याला मूळ सांधा म्हणता येईल. दुसरा भाग म्हणजे आतल्या कोपऱ्यात बोट फिरवून बसवलेला तिरका लेप. हा लेप मूळ सांध्याला पाण्यापासून आणि शेवाळ खरवडणाऱ्या ब्लेडपासून जपतो. काचांचा भार तो फारसा पेलत नाही.

लेपाची वरची टोके सुटणे ही अत्यंत सामान्य गोष्ट आहे. काच साफ करताना ब्लेडचे टोक कोपऱ्यात लागते, लेपाची कड उचलली जाते, तिच्यामागे शेवाळ शिरते आणि सिलिकॉन सालीसारखे सुटू लागते. मूळ सांधा शाबूत असेल, तर एवढ्याने पेटीस धोका पोचत नाही. मूळ सांध्यातच काच आणि सिलिकॉन विलग झाले असतील, तर मात्र प्रश्न निराळा.

दाब आणि ताण

पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो. दर सेंटिमीटर खोलीस प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ ग्रॅम भार वाढतो, हे प्रमाण लक्षात ठेवण्यास सोपे आहे. वर सांगितलेल्या पेटीत तळाशी हा भार चौरस सेंटिमीटरला ३५ ग्रॅम असतो आणि पृष्ठभागाशी शून्य. समोरच्या संपूर्ण काचेवरील एकूण भार सुमारे ३७ किलो भरतो. त्यांपैकी पाण्याच्या वरच्या ५ सेंमी पट्ट्याच्या वाट्याला जेमतेम पाऊण किलो येतो. जलरेषेवर तर पाण्याचा प्रत्यक्ष दाब नसतोच. म्हणून वरची फट बुजवण्यास थोडे सिलिकॉन पुरते, असे सर्रास म्हटले जाते.

या हिशेबात एक गोष्ट राहून जाते. समोरची काच तळाशी आणि दोन्ही बाजूंस जखडलेली असते, वरची कड मात्र मोकळी असते. पाण्याच्या भाराने काच बाहेर फुगू लागते, तेव्हा या मोकळ्या कडेचा मध्यभाग सर्वाधिक सरकतो आणि त्याचा ओढा दोन्ही टोकांच्या उभ्या सांध्यांवर येतो. लांब पेट्यांत काठालगत काचेच्या आडव्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात, त्या हे फुगणे रोखण्यासाठीच. त्या पट्टीचा सांधा जलरेषेच्या वर असतो, त्यातून थेंबभरही पाणी गळत नाही, आणि तरीही तो सुटला तर पेटीतील सर्वांत महत्त्वाचा आधार गेलेला असतो. गळती नाही म्हणजे धोका नाही, हा समज येथे पुरता खोटा ठरतो.

पेटीखालचा मंच सपाट नसल्यास तळाची काच पिळवटते आणि हा पीळ अनेकदा एका वरच्या कोपऱ्यात उघड होतो. एकाच कोपऱ्यात फट दिसली आणि तिच्या कर्णावरील कोपरा मंचावरून किंचित उचललेला आढळला, तर सिलिकॉनची नळी आणण्यापूर्वी पाणसळ आणावी. मंच समतल करून पेटीखाली थर्मोकोलचा अखंड तक्ता घातल्याशिवाय केलेली दुरुस्ती पुन्हा उकलते. पाण्याने भरलेली पेटी काठाला धरून उचलणे किंवा सरकवणे हे सांधा फाटण्याचे आणखी एक नेहमीचे कारण.

केशाकर्षण

जलरेषेच्या वर असलेली फटही ओली होऊ शकते. अरुंद जागेत पाणी आपोआप वर चढते. या गुणधर्मास केशाकर्षण म्हणतात. स्वच्छ काचेच्या दोन समांतर पृष्ठांमध्ये १ मिमी अंतर असेल तर पाणी सुमारे दीड सेंटिमीटर चढते, अंतर ०.२ मिमी असेल तर सुमारे ७ सेंमी. म्हणजे फट जितकी बारीक, तितकी पाण्याची चढण अधिक. नजरेला मोठी दिसणारी फट कोरडी राहते आणि केसासारखी चीर मात्र ओलसर राहते, याचे हेच कारण. सिलिकॉन पाण्याला दूर सारणारे असल्याने काच आणि सिलिकॉन यांच्यामधील फटीत ही चढण वरील आकड्यांहून पुष्कळ कमी असते. परंतु फटीत शेवाळ किंवा क्षार साचले की ती वातीसारखी वागू लागते.

असे चढलेले पाणी थेंबाथेंबाने न गळता फटीच्या तोंडाशी वाळते आणि मागे पांढरी रेघ सोडते. बाहेरच्या बाजूस सांध्यालगत उमटलेली अशी पांढरी रेघ ही मंद पाझराची खात्रीची खूण मानावी, मग जमीन कितीही कोरडी असो.

गळतीचे मूळ ओळखणे

पेटीबाहेर पाणी दिसले की दोष सांध्याला दिला जातो; तो दर वेळी बरोबर नसतो. हवेचा पंप पाण्याच्या पातळीहून खाली ठेवलेला असेल आणि वीज गेली, तर हवेच्या नळीतून पाणी उलटे वाहून पंपात व तेथून जमिनीवर येते. भारनियमनाच्या काळात हा प्रकार अनेकांना परिचित झाला. यावर उपाय म्हणजे पंप पातळीच्या वर टांगणे किंवा नळीत एकदिशा झडप बसवणे. काठावरून बाहेर लोंबणारी पाणवनस्पती, जाळीची दोरी किंवा पुसण्याचे फडकेही वातीप्रमाणे पाणी बाहेर ओढून नेते. फिल्टरचे शिंतोडे आणि झाकणाखाली जमणारी वाफ काठावरून ओघळून बाहेरच्या काचेवर येतात, त्यांची गणनाही सांध्याच्या गळतीत होते.

परीक्षेची रीत साधी आहे. बाहेरील काच कोरडी पुसून संशयित सांध्यावर वर्तमानपत्राच्या कागदाची अरुंद पट्टी चिकटवावी आणि पंप व फिल्टर काही तास बंद ठेवावेत. मासे दाटीने ठेवलेले असतील तर हा काळ कमी करावा. कागद वरून ओला झाला तर दोष झाकणाचा, मधूनच ओला झाला तर सांध्याचा. त्यानंतर फटीच्या खालच्या टोकाशी काचेवर बाहेरून शाईची खूण करून तारीख लिहावी. दोन आठवड्यांत फट त्या खुणेच्या खाली सरकली, तर ती वाढती फट होय. तिच्यावर वरवरचा लेप देणे म्हणजे रोग झाकणे; अशी पेटी रिकामी करून सांधा पूर्ण काढून नव्याने जोडावा लागतो.

सांध्यात अडकलेले हवेचे बुडबुडे आणि फट यांत गल्लत करू नये. सुटे, एकमेकांना न जोडलेले बुडबुडे पेटी बनवतानाच राहिलेले असतात आणि वर्षानुवर्षे तसेच राहतात. बुडबुड्यांची माळ कडेपर्यंत पोचली असेल, तर मात्र तिला फटच मानावे. काचेलाच तडा गेला असेल, तर तो विषय या लेखाच्या कक्षेबाहेरचा. तडा पाण्यावर असला तरी वाढत जातो आणि काच बदलणे हाच त्यावरचा मार्ग.

सांधणद्रव्ये

मत्स्यपालनाचा छंद युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रुजला. फिलिप हेन्री गॉस यांचे या विषयावरील पुस्तक १८५४ साली प्रसिद्ध झाले, तर लंडनच्या प्राणिसंग्रहालयात त्याच्या आदल्या वर्षी माशांसाठी स्वतंत्र दालन उघडले होते. त्या काळच्या पेट्यांना धातूची चौकट असे आणि काच चौकटीत लांबी भरून बसवत. लांबी म्हणजे खडूची भुकटी जवसाच्या तेलात मळून केलेला लगदा. खिडक्यांची तावदाने बसवण्यासाठी तो महाराष्ट्रातही पिढ्यान्‌पिढ्या वापरात होता, आणि 'लांबी भरणे' हा शब्दप्रयोग सुतारांच्या व रंगाऱ्यांच्या बोलीत आजही टिकून आहे. लोखंडी अँगलच्या चौकटीतील मत्स्यपेट्या भारतात सिलिकॉन रुळेपर्यंत सर्वत्र दिसत.

या जुन्या पेट्यांत जलरेषेवरील फट हा नेमाचाच दोष होता. पाण्याखालची लांबी ओलसर राहून मऊ राही. वरच्या भागातील लांबी हवेने वाळून कडक होई आणि तडकून गळून पडे. मग पाणी काठोकाठ भरले की पेटी गळू लागे. काही काळ रिकामी ठेवलेली पेटी पुन्हा भरताना हमखास गळे, तेही याच कारणाने.

विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात सिलिकॉनच्या सांध्यांनी ही चौकट अनावश्यक केली. सिलिकॉन काचेला घट्ट धरते, रबरासारखे लवचीक राहते आणि वाळल्यावर पाण्यात काही सोडत नाही. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले ते या बदलाच्या आधी; तेथे २०१५ च्या नूतनीकरणात बसवलेला बोगदा अ‍ॅक्रिलिकचा होता. मोठ्या सार्वजनिक मत्स्यालयांत असे जाड अ‍ॅक्रिलिकचे तक्ते वापरतात आणि त्यांचे जोड वेगळ्या रसायनांनी होतात. घरगुती काचपेटीचे सिलिकॉन अ‍ॅक्रिलिकला नीट धरत नाही, म्हणून दोन्हींच्या दुरुस्तीची रीत एक नव्हे.

बाजारातील सगळे सिलिकॉन मत्स्यपेटीस चालत नाही. वाळताना शिरक्यासारखा वास येणारे सिलिकॉन अ‍ॅसिटिक आम्ल सोडते. ते काचेला उत्तम चिकटते आणि पूर्ण वाळल्यावर माशांना निर्धोक असते. स्नानगृहासाठी विकले जाणारे, बुरशी रोखण्याचा गुण सांगणारे सिलिकॉन मात्र टाळावे, कारण त्यातील बुरशीनाशक माशांना घातक ठरते. फट पाण्याच्या वर आहे म्हणून तेथे ते चालेल, असा युक्तिवाद केला जातो. तो टिकत नाही: झाकणाखालची वाफ त्याच सांध्यावरून ओघळून पाण्यात पडत असते. इपॉक्सीची लुकण आणि झटपट चिकटणारे गोंद कडक होतात. काच फुगते-आकसते, तसे ते सोबत ताणले जात नाहीत आणि काचेपासून सुटतात. प्लास्टिकच्या काठाची मोडलेली चौकट जोडायला इपॉक्सी ठीक, काचेच्या सांध्याला नव्हे.

दुरुस्ती

फट फक्त आतल्या लेपाची आहे, स्थिर आहे आणि पूर्णतः जलरेषेच्या वर आहे, अशी खात्री झाल्यावरच पेटी रिकामी न करता दुरुस्ती करावी. प्रथम पाणी फटीच्या खालच्या टोकापासून किमान १० सेंमी खाली आणावे. मासे त्याच पाण्यात ठेवावेत की हलवावेत, याबद्दल छंदिष्टांत मतभेद आहेत. जड पाण्यातील क्षार थोडेसे आम्ल सहज पचवतात, त्यामुळे लहान दुरुस्तीत मासे दगावण्याचा संभव कमी. तरीही कमी झालेले पाणी, बंद फिल्टर आणि ओले सिलिकॉन पाण्यात पडण्याची शक्यता पाहता मासे झाकलेल्या बादलीत, त्याच पाण्यात, हवेच्या नळीसह ठेवणे अधिक शहाणपणाचे.

सुटलेला लेप ब्लेडने काढताना घट्ट बसलेल्या भागापर्यंत जावे आणि तेथे तिरका छेद द्यावा. ताजे सिलिकॉन वाळलेल्या जुन्या सिलिकॉनला नीट चिकटत नाही, ही या द्रव्याची सर्वांत मोठी मर्यादा. म्हणून नव्या लेपाची खरी पकड दोन्ही बाजूंच्या उघड्या काचेवर हवी, जुन्या लेपावर तो केवळ चढलेला असतो. याच कारणाने पाण्याखालच्या गळतीत असे ठिगळ चालत नाही व संपूर्ण लेप काढावा लागतो. जलरेषेच्या वर दाब नसल्याने ते चालून जाते. ब्लेड दोन काचांच्या मध्ये, मूळ सांध्यात, घुसवू नये.

काचेवरील पांढरे क्षार शिरक्याने किंवा लिंबाच्या रसाने विरघळवून पुसावेत, मग साध्या पाण्याने आणि शेवटी स्पिरिटने. क्षाराच्या थरावर लावलेले सिलिकॉन काचेला नव्हे, क्षाराला चिकटते. याहून अधिक दुरुस्त्या फसतात त्या ओलाव्यामुळे. पेटीत खाली पाणी असताना वरची काच कोरडी वाटली, तरी तिच्यावर वाफेचा अदृश्य थर बसत राहतो. झाकण काढून, पंख्याचा झोत काचेवर ठेवून काही तास जाऊ द्यावेत. दोन्ही बाजूंस चिकटपट्टी लावून सिलिकॉन एका ओघात भरावे, ओल्या बोटाने एकदाच सारखे करावे आणि चिकटपट्टी लगेच काढावी. दहा ते वीस मिनिटांत वर साय धरते. त्यानंतर पट्टी ओढल्यास कड फाटते.

सिलिकॉन वरून आत वाळत जाते, २४ तासांत साधारण २ ते ३ मिमी. लहान लेपास दोन पूर्ण दिवस द्यावेत आणि वास पूर्णपणे गेल्याशिवाय पाणी पूर्वपातळीस आणू नये. आडव्या पट्टीचा सांधा नव्याने जोडला असेल, तर आठवडा थांबणे इष्ट, आणि ते काम पेटी रिकामी करूनच करावे, कारण भरल्या पेटीच्या फुगलेल्या काचांमध्ये बसवलेली पट्टी त्या फुगवट्यालाच कायम करते.

एक उपाय फारसा कोणी सांगत नाही, कारण त्यात काही विकत घ्यावे लागत नाही. फट स्थिर आणि वरच्या काही सेंटिमीटरपुरतीच असेल, तर पाण्याची पातळी कायमची ३ ते ४ सेंमी खाली ठेवावी. वर दिलेल्या मापाच्या पेटीत यामुळे ५ ते ७ लिटर पाणी कमी होते, आणि सांध्यांवरील भारही उतरतो.

चांदवड परिसरातील परिस्थिती

नाशिक जिल्ह्याच्या पूर्व भागात, मुंबई–आग्रा महामार्गावर आणि सातमाळा रांगेच्या पायथ्याशी वसलेले चांदवड पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडते. येथील कोरडा उन्हाळा, थंड हिवाळा आणि विहिरी व कूपनलिकांचे जड पाणी या तीन गोष्टी मत्स्यपेटीच्या सांध्यांशी थेट संबंध राखतात. उघड्या पेटीतील पाणी उन्हाळ्यात झपाट्याने उडून जाते, पातळी दररोज काही मिलिमीटर उतरते आणि पुन्हा भरली जाते. परिणामी सांध्याचा एक पट्टा आलटून पालटून ओला व कोरडा होतो. पाणी उडते, क्षार मागे राहतात, आणि जलरेषेशी तो परिचित पांढरा पट्टा तयार होतो. लेपाची कड उचललेली असेल, तर क्षाराचे खडे तिच्यामागे साचून तिला आणखी उचलतात. भर घालण्यासाठी गाळून साठवलेले पावसाचे पाणी किंवा शुद्धीकरण यंत्रातील पाणी वापरल्यास हा पट्टा पुष्कळ मंदावतो.

कोरड्या हवेचा परिणाम सिलिकॉनच्या वाळण्यावर अपेक्षेच्या उलट होतो. 'वाळणे' हा शब्द येथे फसवा आहे. सिलिकॉन पाणी सोडून घट्ट होत नाही, तर हवेतील बाष्प घेऊन घट्ट होते. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांतील कोरड्या दुपारी काच चटकन कोरडी होत असली, तरी लेप आतून घट्ट होण्यास अधिक वेळ लागतो; कोकणात पावसाळ्यात नेमके उलटे घडते, लेप लवकर घट्ट होतो पण काच कोरडी करणेच अवघड जाते. चांदवडसारख्या ठिकाणी या दृष्टीने पावसाळा सरल्यानंतरचे, थंडी पडण्यापूर्वीचे आठवडे सोयीचे ठरतात.

चांदवडचा रंगमहाल हा अहिल्याबाई होळकर यांच्या काळातील, अठराव्या शतकातील वाडा. अशा दगडी बांधकामाच्या युगात पाणी धरणाऱ्या सांध्यांचे काम चुन्याकडे होते. हौद आणि टाक्यांच्या दरजा भरताना चुन्यात गूळ, हिरडा, बेलफळाचा गर मिसळण्याची पद्धत महाराष्ट्रात रूढ होती. दरजा भरणे हा गवंड्यांचा शब्द काचेच्या पेटीलाही शोभतो. फरक इतकाच की दगडी हौदाच्या भिंती भाराने फुगत नाहीत, म्हणून तेथे कडक सांधा चालतो. काचेला लवचीक सांधा लागतो.

झाकणाची फट

झाकण आणि काठ यांच्यामधील फट बुजवताना हेतू वेगळा असतो: मासे बाहेर उडी मारू नयेत, पाल वा झुरळ आत पडू नये आणि बाष्पीभवन आटोक्यात राहावे. झेब्रा डॅनिओसारखे चपळ मासे बोटभर रुंदीच्या फटीतूनही बाहेर पडतात, आणि सकाळी फरशीवर वाळलेले सापडतात. फिल्टरच्या नळीसाठी कापलेला कोपरा हा त्यांचा नेहमीचा मार्ग. तेथे सिलिकॉन भरणे चूक. नळी काढता-घालता यावी म्हणून स्पंजाचा तुकडा किंवा मच्छरजाळीची पट्टी बसवावी. डासांची मात्र फारशी चिंता नको. महाराष्ट्रात डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य विभागामार्फत पाणवठ्यांत सोडले जाणारे गप्पी मासे तेच काम पेटीतही करतात.

झाकण हवाबंद करू नये. पाण्यातील प्राणवायू पृष्ठभागावरूनच भरून निघतो, आणि लढाऊ मासा व गुरामी यांसारखे मासे तर पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेतात. त्यांच्यासाठी पाणी व झाकण यांत काही सेंटिमीटर हवेची जागा राखावी लागते. दिव्याची व पंपाची तार ज्या फटीतून बाहेर येते, तिथे तार बटणापर्यंत सरळ न नेता आधी बटणाच्या खालपर्यंत झोळ देऊन मग वर न्यावी. तारेवरून ओघळलेले पाणी त्या झोळाच्या तळाशी गळून पडते, बटणात जात नाही.